फळ्या कधी घालायच्या? कोकणातल्या तलावाची पातळी हवामान अंदाजावर कशी सांभाळावी

गणपती गेले की आमच्या वाडीत एकच विषय असतो: तलावाच्या सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेला, पाणी अडवायच्या फळ्या कधी घालायच्या. लवकर घातल्या आणि उत्तरा-हस्त नक्षत्रांत आभाळ फाटलं, तर बांधावर ताण येतो आणि खालच्या मळ्यांत पाणी घुसतं. उशिरा घातल्या आणि पाऊस पाठ फिरवून गेला, तर तलाव तीन फूट रिकामा राहतो. ते तीन फूट मग चैत्रात आठवतात, वायंगणाचं (उन्हाळी) भात पोटरीत असताना.

मी बरीच वर्षं आमच्या तलावाची मोजपट्टी वाचतो आणि वही लिहितो. सुरुवातीला आम्ही हवामानाचा अंदाज बातमीसारखा ऐकायचो. 'ऑरेंज अलर्ट' म्हटलं की घाबरायचं, दोन दिवस ऊन पडलं की विसरायचं. हळूहळू कळलं की नुसत्या अंदाजावरून फळी घालायची की काढायची हे ठरत नाही. आपल्या तलावाची मापं, गावाची गरज आणि 'चुकलो तर ते पाणी परत मिळेल का' या प्रश्नाचं उत्तर आधी वहीत हवं, तेव्हा अंदाज कामाला येतो. इथे तोच क्रम सांगतो. गाव पाणीवापर संस्थेचं असो की ग्रामपंचायतीच्या तलावाचं, हिशेब तोच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. दरवाजे, मोरी (बांधाच्या तळातून पाणी सोडायचं तोंड) किंवा सांडवा सरकारी खात्याच्या ताब्यात असेल तर त्याला हात लावायचा अधिकार त्यांनी नेमलेल्या माणसालाच आहे. गावाने वही ठेवावी, हिशेब मांडावा, शाखा अभियंत्याकडे लेखी मागणी करावी. आणि जिथे फळ्या गावच घालतं तिथेही मूळ बांधणीतल्या खोबणीपेक्षा एक इंचही वर जायचं नाही. सांडव्यावर वाळूची पोती रचून 'थोडं जास्त पाणी' धरायचा मोह अनेक गावांना होतो. मातीचं धरण माथ्यावरून वाहिलं की काही तासांत फुटू शकतं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची वाडी वाहून गेली. मातीचा बांध फुटला म्हणजे काय होतं, हे कोकणाने तेव्हा पाहिलं आहे. पातळीची कुठलीही चर्चा करण्याआधी ती रात्र आठवावी.

पहिलं काम: तलावाची मापं

तीन आकडे लागतात. पाणलोट (ज्या जमिनीवरचं पाणी तलावात येतं ती) किती, भरलेल्या तलावाचा पसारा किती, आणि मोरी पूर्ण उघडली तर दिवसाला किती पाणी जातं. पहिले दोन लघु पाटबंधाऱ्याच्या कार्यालयातल्या नकाशात आणि क्षमता तक्त्यात मिळतात. तक्ता जुना असेल तर गाळामुळे आज तेवढं पाणी मावत नाही, हे धरून चाला.

तिसरा आकडा स्वतः काढा. पाऊस नसलेल्या दिवशी सकाळी सात वाजता पट्टी वाचा, मोरी पूर्ण उघडा, दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा वाचा. जितकी पातळी उतरली ती घ्या. त्यातून बाष्पीभवनाचे चार-पाच मिलिमीटर आणि पाझर वजा करा, मग पसाऱ्याने गुणा. पाझर किती, ते मोरी बंद असलेल्या रात्री पट्टी किती उतरते त्यावरून कळतं, कारण रात्री ऊन नसतं. आमच्याकडे तळाला जांभा आहे, त्यामुळे हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

पट्टी वाचताना वाऱ्याने लाटा असतील तर वरची आणि खालची खूण पाहून मध्य घ्या. पट्टीवर शेवाळ चढतं आणि पाचचा आकडा सहासारखा दिसू लागतो. एका वर्षी आम्ही असंच दहा सेंटिमीटर चुकीचं लिहीत राहिलो होतो. तेव्हापासून नारळाच्या सोडणाने पट्टी घासणं दर रविवारचं काम आहे.

आता हिशेब दाखवतो. सोपं जावं म्हणून गोल आकडे घेतो, तुम्ही तुमचे घाला. पाणलोट ४ चौरस किलोमीटर, पसारा २० हेक्टर, उपयुक्त साठा ७ लाख घनमीटर, मोरीतून १० क्युसेक (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट). सांडव्याच्या खोबणीत फळ्यांचे तीन थर, प्रत्येक थर ३० सेंटिमीटरचा.

एक थर म्हणजे २० हेक्टरवर ३० सेंटिमीटर, म्हणजेच ६०,००० घनमीटर. एक क्युसेक पाणी दिवसभर वाहिलं की सुमारे २,४४७ घनमीटर होतं. दहा क्युसेकने ६०,००० घनमीटर सोडायला अडीच दिवस लागतात.

आणि तेवढंच पाणी यायला किती पाऊस लागतो? ऑगस्टात जमीन भिजून तर्र असते. पडलेल्या पावसातला पाऊण हिस्सा व्हाळाने (ओढ्याने) तलावात येतो असं धरा. ४ चौरस किलोमीटरवर २० मिलिमीटर पाऊस पडला की पाऊण हिश्शाने ६०,००० घनमीटर होतात.

म्हणजे अडीच दिवस मोरी उघडी ठेवून जी जागा केली, ती २० मिलिमीटर पावसात भरते. आमच्याकडे २० मिलिमीटर म्हणजे चहा होईपर्यंत पडलेली सर. हा आकडा मी पहिल्यांदा काढला तेव्हा तीनदा तपासला. त्यातून दोन गोष्टी ठरल्या. भर पावसाळ्यात मोरी उघडून पुराला जागा करणं जवळपास व्यर्थ आहे, पूर झेलायचा तर सांडवा मोकळा हवा. आणि भिजलेल्या जमिनीवर चुकून सोडलेला एक थर एका बऱ्या सरीत परत मिळतो. म्हणून पाऊस चालू आहे तोवर पातळी खाली ठेवण्याची चूक स्वस्त आहे. ती महाग कधी होते, ती तारीख शोधणं हेच पुढचं सगळं काम.

मोठ्या धरणांचं गणित वेगळं असतं, कारण त्यांचे दरवाजे हजारो क्युसेक सोडू शकतात. पण प्रश्न तोच: आपल्या मोरीतून किंवा दरवाज्यातून पाणी जायला जितके दिवस लागतात, तितक्या दिवसांआधीचा भरवशाचा अंदाज आहे का?

दुसरं काम: चैत्रापासून मागे मोजणे

पावसाळी साठ्याचा हिशेब १५ ऑक्टोबरला धरायची सरकारी रीत आहे, तीच बरी. तिथून १० जूनपर्यंत साधारण २३८ दिवस.

पिण्याचं पाणी आधी. ४,००० माणसं, माणशी ५५ लिटर, म्हणजे दिवसाला २२० घनमीटर. हंगामभरात सुमारे ५२,००० घनमीटर.

मग ऊन. दिवसाला सरासरी ४ मिलिमीटर धरलं तर २३८ दिवसांत जवळपास ९५ सेंटिमीटर पाणी नुसतं हवेत जातं. पसारा आकसत जातो म्हणून सरासरी १६ हेक्टर धरा, दीड लाख घनमीटर होतात. गावातल्या बैठकीत हा आकडा सांगितला की लोक गप्प होतात. सगळी वाडी हंगामभर पिते त्याच्या जवळपास तिप्पट पाणी सूर्य पितो.

वायंगण २० हेक्टर असेल आणि पिकाला १,२०० मिलिमीटर पाणी लागत असेल तर २ लाख ४० हजार. नारळ-सुपारीच्या बागांना १ लाख, पाझर ८०,००० धरा. सगळं मिळून सव्वासहा लाखांच्या आतबाहेर. हाती उरले जेमतेम ७५,०००. त्यातले २०,००० मान्सून लांबला तर पंधरा-वीस दिवसांसाठी बाजूला ठेवा. उरले साधारण ५५,००० घनमीटर. जवळपास एक थर.

पाऊस संपत आल्यावर अंदाजाच्या भरवशावर आपण जास्तीत जास्त एवढंच पाणी पणाला लावू शकतो. दुसरा थर सोडला की कुणाचं तरी शेत सुकणार. मग ते कुणाचं, हे आधी त्या माणसासमोर बसून ठरवलेलं असावं.

तिसरं काम: आपल्याच वहीला विचारणे

तीन थर मिळून १,८०,००० घनमीटर, म्हणजे भिजलेल्या जमिनीवर ६० मिलिमीटर पाऊस. मध्ये आठ-दहा दिवस उघडीप झाली असेल तर जमीन पुन्हा पाणी पिते. मग अर्धाच हिस्सा धरा, ६० चे ९० मिलिमीटर होतात. आता पावसाची जुनी वही काढा. वही नसेल तर महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाचे रोजचे आकडे मिळवा, तालुक्याला मिळतात. प्रत्येक वर्षासाठी शोधा: कोणत्या तारखेनंतर हंगाम संपेपर्यंत एकूण ९० मिलिमीटर पाऊस झाला? ती त्या वर्षाची 'शेवटची संधी'. अशा वीस तारखा मिळाल्या की त्या क्रमाने मांडा.

त्यातली सर्वांत आधीची तारीख म्हणजे सर्वांत कंजूष वर्ष. मधली तारीख म्हणजे नेहमीचं वर्ष. कुठलाही अंदाज हाती नसता तर तुम्ही सगळ्यांत कंजूष दोन-तीन वर्षं धरूनच फळ्या घातल्या असत्या, आणि ते शहाणपणाचंच झालं असतं. अंदाजाचं काम एवढंच की यंदा या यादीतल्या कोणत्या टोकाकडे झुकायचं ते सांगणं. हे यादीचं काम एका संध्याकाळचं आहे. बारावीतल्या पोरांना बसवा, त्यांना आकडेमोड येते आणि पुढे वही तेच लिहितील.

जुनी माणसं हेच नक्षत्रांवर करत होती. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मग आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. आमच्या बैठकीत मी आजही तारखेसोबत नक्षत्र सांगतो, कारण '१३ सप्टेंबर' म्हटल्यावर जो चेहरा कोरा राहतो तो 'उत्तरा लागली' म्हटल्यावर मान हलवतो. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव १५३० साली विजयनगरच्या मांडलिक नागेश देसायांनी बांधला. भगवतीच्या देवळाशेजारी तो आजही पाणी धरून आहे, आणि २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. तिथे इतकी शतकं तलाव सांभाळणाऱ्यांकडे उपग्रह नव्हता, मोसमाची ओळख होती. ती ओळख टाकून द्यायची नाही, तिला आकड्यांचा आधार द्यायचा.

चौथं काम: कोणता अंदाज कशासाठी

इथे सगळ्यांत जास्त गोंधळ असतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

हवामान विभागाचा मोसमी अंदाज एप्रिलच्या मध्याला येतो आणि मेच्या शेवटी सुधारून येतो. त्यात देशभराच्या पावसाची टक्केवारी असते. १९७१ ते २०२० ची सरासरी ८७ सेंटिमीटर, तिच्या ९६ ते १०४ टक्के म्हणजे सामान्य. कोकणातल्या तलावाला या आकड्याचा फारसा उपयोग नाही. कोकण-गोवा विभागात जून ते सप्टेंबर सरासरी २,८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातला पाचवा हिस्सा कमी पडला तरी आपला तलाव भरून वाहतोच. एल निनोच्या (प्रशांत महासागराचं पाणी तापण्याच्या) बातमीने मराठवाड्यात पोटात गोळा येणं साहजिक आहे. आपल्याकडे तलाव भरेल का, ही काळजी सहसा नसते. पाऊस कधी संपेल आणि पुढच्या वर्षी कधी येईल, ही काळजी असते. त्यातही एल निनोवरून थेट निष्कर्ष काढू नका. १९९७ साली तो फार जोरदार होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला.

उपयोगी आहे तो जुलैच्या शेवटी येणारा ऑगस्ट-सप्टेंबरचा अंदाज, आणि ऑगस्टच्या शेवटी येणारा सप्टेंबरचा. नकाशावर रंग असतात: सरासरीपेक्षा जास्त, सरासरीइतका, कमी, यांच्या शक्यता. काहीच माहिती नसेल तर तिन्ही शक्यता ३३-३३ टक्के असतात. म्हणून 'कमी पावसाची शक्यता ४० टक्के' याचा अर्थ दुष्काळ असा नाही. फासा किंचित जड झालाय, एवढाच. त्यावर एक थर आठवडाभर आधी घालावा, तिन्ही थर नव्हे. नकाशावर आपला भाग पांढरा असेल तर तिथे अंदाज काही सांगत नाही. तेव्हा वहीतली यादीच खरी.

दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. फळ्यांच्या निर्णयाला माझ्या अनुभवात सगळ्यांत कामाचा तोच. पहिल्या दोन आठवड्यांवर बऱ्यापैकी विसंबता येतं, तिसऱ्या-चौथ्याकडे कल म्हणून पाहावं. एका गुरुवारवर निर्णय घेऊ नका. लागोपाठ दोन गुरुवार तेच सांगत असतील तर हला.

मग रोजचा पाच-सात दिवसांचा जिल्हानिहाय इशारा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. शब्दांमागचे आकडे पाठ असावेत: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. हा इशारा जिल्ह्याचा असतो, तुमच्या पाणलोटाचा नव्हे. सिंधुदुर्गाला नारिंगी असतो तेव्हा आंबोलीच्या घाटात धो धो कोसळतं आणि देवगडच्या सड्यावर नुसता वारा असतो. किनाऱ्यालगत तलाव असेल तर जिल्ह्याचा आकडा थोडा उतरवून वाचा, सह्याद्रीच्या पायथ्याशी असेल तर चढवून.

शेवटी तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि रडारचं चित्र. हस्ताचा पाऊस दुपारनंतर गडगडत येतो, एका वाडीत पडतो, दुसरीत नाही. तिथे हाच एक आधार. 'मौसम' आणि वीज सांगणारं 'दामिनी' ही दोन्ही अ‍ॅप सांडव्यावर जाणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये असलीच पाहिजेत. उघड्या बांधावर लोखंडी पहार हातात घेऊन उभा असतो तो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कृषी हवामान पत्रिका आठवड्यातून दोनदा येते, ती पाणीपाळी ठरवायला चांगली.

पाचवं काम: नियम आधी लिहिणे

आभाळ भरून आल्यावर चर्चा करायची नाही. श्रावणात, डोकं थंड असताना नियम लिहायचे आणि सह्या घ्यायच्या. आमचे साधारण असे आहेत.

मघा संपेपर्यंत, म्हणजे ऑगस्ट अखेरपर्यंत, एकही फळी नाही. अपवाद एकच: ऑगस्ट-सप्टेंबरचा अंदाज कमी पावसाचा आणि लागोपाठ दोन गुरुवारही कोरडे, तर २० ऑगस्टनंतर पहिला थर. २०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनच्या नोंदीत देशाने इतका कोरडा ऑगस्ट पाहिला नव्हता.

पूर्वा नक्षत्रात पहिला थर, पुढच्या पाच दिवसांत नारिंगी इशारा नसलेला दिवस बघून. उत्तरेत दुसरा. हस्तात तिसरा, आणि काहीही झालं तरी ५ ऑक्टोबरला तिन्ही थर जागेवर. या तारखा आमच्या यादीतून आल्या आहेत. तुमच्या यादीतून तुमच्या येतील.

काढायचा नियम: ५ ऑक्टोबरआधी लागोपाठ दोन दिवस नारिंगी आणि हवामान विभागाच्या पत्रकात आपल्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचा पट्टा किंवा क्षेत्र असल्याचा उल्लेख, दोन्ही असेल तरच वरचा एक थर काढायचा. नुसता रंग पाहून नाही. ५ ऑक्टोबरनंतर फक्त लाल इशारा किंवा अरबी समुद्रातलं वादळ, आणि तेव्हाही एकच थर. वादळाचा नियम कागदावरचा समजू नका. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आपल्या किनाऱ्यावरून गेलं, तेव्हा मळणी चालू होती. आणि २०१९ मध्ये परतीचा पाऊस निघालाच मुळी ९ ऑक्टोबरला.

'एकच थर' का, तर वरचा हिशेब. तेवढंच आपण गमावू शकतो.

हा धडा आम्हाला फुकट मिळालेला नाही. एका वर्षी हस्ताच्या शेवटी नारिंगी इशारा आला आणि आम्ही घाईने दोन थर काढले. आमच्या तात्यांनी तेव्हाच विचारलं होतं, "आता सोडलास, मगे चैतात काय करतलंव?" पाऊस पडला, पण तो घाटात. आमच्याकडे सहा मिलिमीटर. पुढे ऑक्टोबर कोरडा गेला. मार्चमध्ये पाटाच्या शेवटच्या टोकाच्या चार शेतांत भाताला ओंबी धरली ती पोचट. त्यातलं एक शेत तात्यांचं होतं. ते काही बोलले नाहीत, पण वहीत त्या पानावर मी लाल रेघ मारून ठेवली आहे.

जगात मोठमोठ्या तळ्यांवरही हे घडलंय. फ्लोरिडातलं ओकिचोबी तळं इतकं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही. तिथे पातळी ठरवताना मोसमी अंदाज आणि एल निनोची स्थिती नियमावलीतच घेतली जायची. २००० च्या एप्रिल-मे महिन्यांत तळ्याच्या तब्येतीसाठी पाणी मुद्दाम उतरवलं, आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. २००१ च्या मे महिन्यात पातळी ९ फुटांच्याही खाली गेली, तोवरचा नीचांक. निर्णयामागे अभ्यास होता. पण सोडलेलं पाणी परत कुठून येईल याचं उत्तर एकाच हंगामावर टांगलेलं होतं.

सहावं काम: प्रत्यक्ष फळी

फळ्या आंजणीच्या असोत की ऐनाच्या, घालण्याआधी दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, फुगल्या की फटी मिटतात. उरलेल्या फटींत पेंढा आणि चिकणमाती कालवून बोटाने दाबा. वरून प्लास्टिकचा कागद लावतात, तो टिकत नाही आणि शेवटी व्हाळात जातो.

काढणं हे घालण्यापेक्षा फार कठीण, हे अंदाज वाचणाऱ्याने कायम लक्षात ठेवावं. पाणी फळीवरून वाहू लागलं की दाबाने ती खोबणीत अडकते. एकदा आम्ही चार जण पहारी लावून अर्धा तास झगडलो. तिसऱ्या खांबाजवळची फळी मधोमध मोडली आणि अर्धा तुकडा खोबणीत तसाच राहिला. वरून पाऊस, बॅटरी एकाच्या दातांत धरलेली. त्या रात्रीनंतर नियम झाला: काढायची तर पाणी फळीच्या माथ्याच्या एक वीत खाली असतानाच, आणि दिवसाउजेडी. याचा अर्थ निर्णय किमान १२ तास आधी व्हायला हवा. म्हणून तीन तासांचा अंदाज फळ्या काढण्यासाठी नाही. तो माणसांना सांडव्यावरून बाजूला घेण्यासाठी आहे.

सातवं काम: खालची माणसं आणि खाडी

आपण थर काढतो तेव्हा ते पाणी कुठेतरी जातंच. व्हाळाच्या कडेचे मळे, साकव, गुरं बांधायच्या जागा यांची यादी करा आणि सोडण्याच्या सहा तास आधी निरोप पोचवा. फोनच्या गटात टाकलेला निरोप म्हणजे पोचलेला निरोप धरू नका. दोन घरी माणूस पाठवावा लागतो हे आम्हाला माहीत आहे, तिथे पाठवतो.

व्हाळ खाडीला मिळत असेल तर भरतीचं कोष्टक जवळ ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीचं पाणी आत सरकतं आणि वरून आलेलं पाणी तुंबतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणने अतिवृष्टी आणि भरती एकत्र भोगली. भरती दिवसागणिक साधारण ५० मिनिटं पुढे जाते. आपलं पाणी खाडीच्या तोंडाशी पोचायला तीन तास लागत असतील, तर ते ओहोटीच्या मध्यावर पोचेल असं उलट मोजून सोडा. खाजणातल्या शेताच्या बांधालाही त्यानेच आराम मिळतो.

आठवं काम: अंदाजाची परीक्षा

रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचा, हवामान विभागही तेव्हाच वाचतो. वहीत चार रकाने पुरतात: कालचा इशारा, प्रत्यक्ष पाऊस, पातळी, आपण काय केलं. हंगाम संपला की मोजा. नारिंगी इशाऱ्याचे दिवस किती, आणि त्यांत आपल्या मापकात ६४.५ मिलिमीटरच्या वर किती दिवस पडला. समजा वीसपैकी आठ. तर तुमच्या तलावासाठी नारिंगीचा अर्थ 'पाचातून दोनदा'. उलटही मोजा: इशारा नसताना जोरदार पाऊस किती वेळा पडला. हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण बांधाला धोका त्या दिवशी असतो. इशारा चुकला म्हणून वेधशाळेला नावं ठेवायची गरज नाही. ते जिल्ह्याचं सांगतात, चार चौरस किलोमीटरचं आपल्यालाच शोधावं लागतं.

नववं काम: ऑक्टोबर ते मे

१५ ऑक्टोबरची पातळी बैठकीत वाचून दाखवा आणि त्यावरून वायंगणाचं क्षेत्र त्याच दिवशी ठरवा. तलाव एक थर कमी भरला असेल तर क्षेत्र पाच हेक्टरने कमी करा, उरलेल्यांनी कुळीथ किंवा चवळी घ्यावी. हे पेरणीआधी सांगितलं तर कुणी भांडत नाही. फेब्रुवारीत सांगितलं तर भांडण होतं आणि ते रास्तही असतं. खालच्या व्हाळात नोव्हेंबरपासून वनराई बंधारे घाला, तलावातून पाझरलेलं पाणी तिथे दुसऱ्यांदा वापरता येतं.

दर महिन्याच्या १ तारखेला वहीत ठरलेली पातळी आणि प्रत्यक्ष पातळी शेजारी लिहा. फरक दहा सेंटिमीटरच्या वर गेला तर बागांची पाळी एक दिवसाने लांबवा. एप्रिल-मेच्या अंदाजात मान्सूनच्या आगमनाकडे बघा. केरळातल्या आगमनाचा अंदाज मेच्या मध्याला येतो. उशीर दिसत असेल तर राखून ठेवलेलं पाणी पिण्यासाठीच, शेताला बंद. वेळेवर येतोय असं दिसलं तरी ते पाणी मोकळं करू नका. केरळात आलेला पाऊस कारवारला अडकून आठवडाभर बसल्याचं आपण पाहिलंय.

आणि सगळ्या फळ्या बाहेर काढून, पुसून, शेडमध्ये आडव्या रचून ठेवण्याची तारीख. आमच्याकडे ती पूर्वी ३१ मे होती, मृगाला आठवडा शिल्लक असताना. २०२५ मध्ये मान्सून २४ मेला केरळात आला आणि २६ मेला मुंबईत. आमच्या फळ्या तेव्हा खोबणीतच होत्या आणि भर पावसात काढाव्या लागल्या. आता वहीच्या पहिल्या पानावर ती तारीख खोडून १५ मे लिहिली आहे.